लॉनवाल्याचं व्याज

दावा जिंकला की लोक कोर्टाच्या आवारातच संत्राबर्फीचा डबा उघडतात. वकिलीच्या पहिल्या वर्षापासून मी ती बर्फी खात आले आणि खाताना दरवेळी एकच प्रश्न विचारत आले, "अभिनंदन हो, पण पैसे हातात पडले का?" समोरचा असा बघतो, जणू मी त्याच्या लग्नात घटस्फोटाची चौकशी केली. पैसे पडलेले नसतात. न्यायाधीशांनी 'द्या' म्हटलं म्हणून कोणी लगेच खिशात हात घालत नाही. जिंकणारा घरी जातो, हरणाराही घरी जातो आणि दोघंही आपापल्या घरी पोटभर जेवतात. माझं काम तिथून सुरू व्हायचं.

हुकूमनाम्यातले, म्हणजे निकालात ठरलेले पैसे समोरचा देत नसेल तर वसुलीसाठी पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागतो. त्याला आम्ही दरखास्त म्हणतो. वकील मंडळींत या कामाला फारशी इज्जत नाही. खुनाचा खटला मानाचा, हायकोर्टातलं काम मानाचं, आणि दरखास्त म्हणजे वसुली. मी मात्र ती आवडीने घेतली आणि शेवटपर्यंत तेच केलं. बाररूममध्ये मला 'दरखास्तवाल्या बाई' म्हणायचे, चहाच्या टपरीवर नुसतंच 'वसुलीबाई'. माझी काही हरकत नव्हती. आता कोट खुंटीला टांगलाय, पण धरमपेठेत भाजी घेताना अजूनही कोणी तरी मागून हाक मारतं, "मॅडम, मले ओळखलं का जी? माही दरखास्त होती!" खुनाच्या खटल्यातली माणसं वकिलाला अशी हाक मारत नसावीत.

या कामातला निम्मा झगडा व्याजाचा असतो. मुद्दल द्यायला माणूस कुरकुरत का होईना तयार होतो. व्याज म्हटलं की त्याला आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. म्हणून ते व्याज ठरतं कसं, हे आधी सांगून टाकते. त्याचे तीन टप्पे. बिल थकल्यापासून दावा लावेपर्यंतचा पहिला. तिथे तुमचा करार काय होता, कायदा काय देतो, ते बघतात. दावा लावल्यापासून निकालापर्यंतचा दुसरा. तिथे न्यायाधीशांना वाजवी वाटेल तो दर. निकालापासून पैसे हाती येईपर्यंतचा तिसरा, आणि तिथे कायद्याने कुंपण घातलंय. साधारणपणे शेकडा सहाच्या वर जायचं नाही. व्यवहार व्यापाराचा असेल तर मात्र करारात ठरलेल्या दरापर्यंत, आणि करार नसेल तर बँका ज्या दराने कर्ज देतात तिथपर्यंत जाता येतं. जाता येतं, जायलाच हवं असं नाही. म्हणून ते मागावं लागतं आणि न्यायाधीशांना पटवावं लागतं.

न मागितल्याचं दुःख मी जवळून पाहिलंय. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर माझ्याकडे आले. दावा दुसऱ्याच कोणी चालवला होता, निकाल झकास लागला होता, फक्त तिसऱ्या टप्प्याच्या व्याजाबद्दल हुकूमनाम्यात एक शब्द नव्हता. कायदा म्हणतो, कोर्ट गप्प राहिलं तर व्याज नाकारलं असं समजा. आणि दरखास्तीच्या कोर्टाला हुकूमनामा बदलता येत नाही, काना-मात्रासुद्धा नाही. मास्तरांना अनेक वर्षांनी नेमकी तेवढीच रक्कम मिळाली. ज्या पैशात तेव्हा स्कूटर आली असती, त्यात आता तिचे टायर आले असते. त्यांनी मला फी देऊ केली तेव्हा मला फार वाईट वाटलं. घेतली नाही.

याच्या उलट इतवारीतले एक शेठजी. त्यांचं व्याज छान चालू होतं, बँकेपेक्षा चांगलं. एके दिवशी हरलेल्या माणसाने सगळी रक्कम कोर्टात भरली आणि शेठजींना नोटीस धाडली. अशी नोटीस हातात पडली की व्याज त्या दिवशी थांबतं. झालं! शेठजी गायब. पोस्टमन आला की गोदामात, कोर्टाचा बेलिफ आला की रामटेकला. "मॅडम, घाई काहून करून राहिले हे लोक? राहू द्या ना पैसे त्यांच्यापाशी, मले काही कामाचे नाहीत आत्ता," असं मला फोनवर सांगायचे. शेवटी बेलिफाने त्यांना केशकर्तनालयात गाठलं. अर्ध्या दाढीला साबण, अंगाला चादर गुंडाळलेली, पळणार कुठे? त्यांचं व्याज अर्ध्या दाढीवर थांबलं.

आता सुनंदा लांजेवारची गोष्ट सांगते. माझ्या सगळ्या कामांत मला सर्वांत जास्त आनंद कशाने झाला असं कोणी विचारलं तर मी हीच सांगते, आणि न विचारताही सांगते.

सुनंदा माझ्याकडे आली ती स्कुटीवर, हेल्मेट काखेत मारून. ब्लाउजच्या बाहीवर ठिणग्यांची बारीक भोकं होती. हिंगणा रोडला तिची फॅब्रिकेशनची शेड. नवरा प्रभाकर लोखंडी फाटकं, जिने, मंडपाचे सांगाडे बनवायचा. तो गेल्यावर वेल्डिंगचा चष्मा हिने डोळ्यांवर चढवला. प्रभाकरने एका लग्नाच्या लॉनचं सगळं काम केलं होतं. आमच्याकडे गावाबाहेरच्या रस्त्याला लागून जिथे शेतं होती तिथे आता लॉन आहेत: हिरवळ, स्टेज, पार्किंग आणि हंगामात रोज एक लग्न. त्या लॉनचं मोठं फाटक, स्टेजचा सांगाडा, नवरा-नवरीला बसायची दोन सिंहासनं, सगळं प्रभाकरच्या हातचं. लॉनचे मालक रमेशभाऊ खोरगडे यांनी थोडे पैसे दिले आणि बाकीच्यांना तारखा दिल्या. प्रभाकरने दावा लावला, जिंकला, बर्फी वाटली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत हार्ट अटॅकने गेला.

"मंग तुम्ही इतकी वर्षं काय केलं?" मी विचारलं. चिडले की माझ्याही तोंडून आमची बोली निघते.

"शेड चालवली जी," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

आता ती का आली होती, ते तिने सांगितलं. शेडमध्ये अर्धा हिस्सा दिराचा. "मनोहर भाऊजी वाईट माणूस नाही मॅडम. त्यांची पोरगी डॉक्टरकी शिकून राहिली, त्यायले पैसे पाहिजेत. ते म्हणतात, वहिनी, अक्षय तृतीयेपर्यंत माह्या हिश्शाचे पैसे द्या, शेड तुमची. नाहीतर विकून टाकू, अर्धे तुमचे, अर्धे माहे."

"विकली तर तुम्ही काय कराल?"

"दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजीनं वेल्डिंग करीन. पण बाईले कोण देते जी वेल्डिंग?"

आणि नेमका तेव्हाच खोरगड्यांचा माणूस तिच्याकडे येऊन गेला होता. मुद्दलाच्या अर्धे रोख देतो, आत्ताच्या आत्ता. फक्त 'सगळे मिळाले, तक्रार नाही' अशा कागदावर सही करा.

"अर्ध्यात दिराचा हिस्सा निघतो का?"

"नाही."

"पुऱ्या मुद्दलात?"

"थोडा कमी पडते."

"आणि व्याजासकट?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चंद्रावर प्लॉट दाखवत होते. "व्याज भेटते का मॅडम?"

मी हुकूमनामा वाचला. ज्या कोणी तो दावा चालवला होता त्याचे हात धरून नमस्कार करावा असं वाटलं. व्यवहार व्यापाराचा म्हणून बँकेच्या दराने व्याज मागितलं होतं, कोर्टाने ते दिलं होतं आणि पुढे स्पष्ट शब्द होते: पूर्ण रक्कम मिळेपर्यंत. मी तिला म्हटलं, "सही करायची नाही. त्या माणसाला चहा पाजा आणि परत पाठवा." तिने चहासुद्धा पाजला नाही.

दरखास्त लावली. मला वाटलं होतं खोरगडे तारखा मागत बसतील. ते तर पहिल्याच तारखेला हसतमुख हजर! पांढरा सफारी, कपाळाला गंध, बरोबर रामदासपेठेतल्या ऑफिसचे तरुण वकील. त्यांनी लेखी उत्तर दिलं आणि सोबत चलन जोडलं. खोरगड्यांनी निकालानंतर थोड्याच दिवसांत सगळी रक्कम कोर्टात भरून टाकली होती. "आमच्या पक्षकाराने पैसे केव्हाच भरलेत. बाईंनी उचलले नाहीत, हा त्यांचा प्रश्न. व्याज भरणा केल्याच्या दिवशी थांबलं."

सुनंदा माझ्या शेजारी उभी होती. तिने माझी बाही धरली. "म्हणजे पैसे इथंच होते? मी तिकडं शेडचं लाइटबिल भरायले मंगळसूत्र गहाण ठेवलं, अन् माहे पैसे इथं पडून होते?"

मला त्या क्षणी जो राग आला तो अजून आठवतो. पण रागाच्या खाली एक आनंदही होता, तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. ज्या माणसाने सगळे पैसे भरलेत, तो अर्ध्यावर तडजोड करायला माणूस का पाठवेल? आणि पाठवला तर 'पैसे कोर्टात आहेत' हे तो नक्कीच सांगणार नाही. खोरगड्यांचा बेत माझ्या लक्षात आला. कोणी तरी त्यांना सांगितलं असणार की रक्कम कोर्टात भरली की व्याज बंद. अर्धं ऐकलेलं ज्ञान. बाईला पत्ता लागू द्यायचा नाही, ती अडली की अर्ध्यावर सही घ्यायची, ती सही कोर्टात दाखवायची आणि आपली भरलेली रक्कम परत घरी न्यायची. हुशारी तर खरीच.

फक्त शेठजींच्या दाढीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. पैसे भरून व्याज थांबत नाही. भरल्याची नोटीस समोरच्याला मिळाली की थांबतं.

त्यांचे वकील म्हणाले, नोटीस दिली असेलच, जुनी गोष्ट आहे, पावती सापडत नाही. मी म्हटलं, मग खोरगडेसाहेबांनाच शपथेवर विचारू. ते आनंदाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. लोकांना भाषण ऐकवायची सवय असलेला माणूस. त्याला उभं राहायला जागा मिळाली की बरं वाटतं.

मी सुरुवात लांबून केली. "लॉनचं भाडं कसं घेता?"

"दिवसाच्या हिशोबानं."

"ठरलेल्या वेळेनंतर पाहुणे बसून राहिले तर?"

"तासाचे जादा लागतात. जागा अडते ना बाई! त्यांच्यामुळं माही सफाई थांबते, पुढची पार्टी खोळंबते. फुकटात कोण देईन?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. न्यायाधीश तरुण होते, त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना मी कुठे चाललेय ते कळलं होतं. खोरगड्यांना कळलं नव्हतं.

"या बाईंकडे तुम्ही माणूस पाठवला होता?"

"माणुसकी म्हणून पाठवला. विधवा बाई आहे."

"अर्धे देतो म्हणून?"

"हाव. रोख."

"त्या माणसाने यांना सांगितलं का, की तुमचे पूर्ण पैसे कोर्टात जमा आहेत?"

त्यांचे वकील अर्धवट उठले. त्यांना खड्डा दिसला होता. पण खोरगडे वकिलाकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघून हसत होते, अडाण्याला समजवावं तसं.

"काय बोलून राहिल्या बाई तुम्ही? सांगितलं असतं तर ती अर्ध्यावर कायले आली असती?"

मग न्यायाधीशांनी शांतपणे ते वाक्य टिपून घ्यायला सांगितलं, जसंच्या तसं. खोरगडे अजून हसतच होते. त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला होता. मी "आणखी प्रश्न नाहीत" म्हणून खाली बसले. इतकी वर्षं वकिली करून असं उत्तर आयतं पदरात पडलं नव्हतं.

निकाल आला. नोटीस दिल्याची पावती नाही आणि पैसे जमा असल्याचं लपवल्याचं खुद्द साक्षीतच आलंय, त्यामुळे लेखी उत्तराची प्रत बाईंच्या हाती पडली तोवर सबंध रकमेवर व्याज चालूच राहिलं. जमा असलेली रक्कम आधी व्याजात वळती होईल, मग खर्चात, आणि उरेल ती मुद्दलात. हा शेवटचा भाग लोकांना चटकन कळत नाही. घरभाडं थकलेला भाडेकरू काही पैसे देतो तेव्हा मालक आधी जुनं थकलेलं कापून घेतो, तसंच इथे. साचलेलं व्याज भरलेले पैसे आधी खातं. मुद्दल मात्र बऱ्यापैकी तसंच उभं राहतं आणि त्यावर पुढचं व्याज सुरू. खोरगड्यांनी बाईला एक साधं पत्र टाकलं असतं तर ते तेव्हाच मोकळे झाले असते. लपवण्यासाठी त्यांनी जी काही खटपट केली तिचंच हे भाडं.

जमा रक्कम सुनंदाला मिळाली. उरलेली देतो देतो करत खोरगड्यांनी पुन्हा तारखा सुरू केल्या आणि अक्षय तृतीया अगदी तोंडावर आली. मग मी लॉनवरच्या जंगम, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मालाच्या जप्तीचं वॉरंट काढलं. जप्तीला पैसे घेणाऱ्याने स्वतः जाऊन कोणता माल न्यायचा ते बेलिफाला दाखवायचं असतं. सकाळी सुनंदा, बेलिफ बोकडे आणि मी असे तिघं लॉनवर पोचलो. मला जायची काही गरज नव्हती. पण असं दृश्य मी घरी बसून कसं सोडणार?

संध्याकाळचं लग्न होतं. स्टेजवर फुलं चढत होती. बोकडे स्वभावाने गरीब माणूस, कागद हातात धरून दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, काय काय नेऊ सांगा." सुनंदा सरळ स्टेजवर चढली. झेंडूच्या माळा बाजूला केल्या आणि त्या दोन सिंहासनांवर हात ठेवला.

"हे दोन घ्या जी. ह्यांनी वेल्ड केले अन् रंग मी मारला आहे. पाठीमागून पाहा, सोनेरी रंग पुरला नाही म्हणून तिथं पिवळा आहे."

बोकड्यांनी वाकून पाहिलं. खरंच पिवळा होता.

खोरगडे धावत आले. "हे काय लावलं वकिलीणबाई! नवरा-नवरी काय सतरंजीवर बसतीन? मुलीकडचे मले जित्ता सोडतीन काय?"

"लग्न होऊ द्या की," मी म्हटलं. "बाईंच्या नावाचा ड्राफ्ट आणा, खुर्च्या जागेवर. तोपर्यंत आम्ही इथे सावलीत बसतो. जागा अडली तर तासाचे सांगा, देऊ."

बोकड्यांना खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवावं लागलं. खोरगडे बँकेत गेले. जेवणाच्या वेळेच्या आत व्याजासकट उरलेल्या सगळ्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट सुनंदाच्या हातात होता. बोकड्यांनी तसा अहवाल लिहिला. तिने ड्राफ्ट पदराला बांधला, मग खाली ठेवलेल्या माळा उचलल्या आणि सिंहासनांना पुन्हा नीट बांधल्या. "लेकरांच्या लग्नात काही कमी नको," एवढंच म्हणाली. मला तेव्हा प्रभाकरची फार आठवण झाली. मी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं, पण तो त्या दिवशी तिथे हवा होता.

दिराला त्याचा हिस्सा मिळाला. रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोडपत्रावर सही करून मनोहर भाऊजी वहिनीच्या पाया पडायला वाकले, तेव्हा ती ओरडली, "काय गा भाऊजी, लोक पाहून राहिले!" आणि मग दोघंही रडले. शेड तिची झाली. पूर्ण तिची.

पावसाळा संपून गेल्यावर एकदा दुपारी तिचा फोन आला. मागे लोखंड कापल्याचा कर्कश आवाज.

"मॅडम, एक विचारायचं होतं. खोरगडे आले जी शेडवर. कोराडी रोडले दुसरं लॉन काढून राहिले, तसंच फाटक पाहिजे म्हणतात. दुसऱ्या दोघांना दाखवलं, त्यायले जमलं नाही म्हणे. करू का काम?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी तर करणार आहे. काम काहून सोडू? त्यायले सांगितलं, पैसे पूर्ण आधी ठेवा, मग माप घ्यायले येते."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, वहिनी, अर्धे आत्ता, अर्धे काम झाल्यावर. मी म्हटलं, नाही जमत जी." तिने फोन थोडा बाजूला केला आणि कोणाला तरी खणखणीत आवाजात सांगितलं, "रमेशभाऊ, उभे कायले राहता उन्हात? या ना, खुर्चीवर बसा अन् पैसे मोजा आरामात."